चौदावा दिवस

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढ्या विण्याचा हंगाम ऐन थंडीत येतो. जानेवारी-फेब्रुवारीत बाहेर बर्फ साठलेलं असतं आणि लांबलचक गोठ्यांत माणसं रात्रीचा दिवस करून एका मेंढीकडून दुसरीकडे धावत असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गोठ्यांत अधूनमधून एक वेगळंच कोकरू जन्माला येई. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, त्याच्या वर सोंडेसारखा लोंबणारा मांसाचा तुकडा. काहींचा वरचा जबडाच नसे आणि खालचा वर वळून पुढे आलेला असे. बरीचशी मेलेलीच जन्मत. जी जिवंत असत, त्यांना धड श्वास घेता येत नसे. मेंढके त्यांना ‘चातो’ म्हणत, म्हणजे नकटं. बाकीचे लोक ‘माकडतोंडी कोकरं’ म्हणत.

काही मेंढ्यांची दशा याहून वाईट. दिवस भरले तरी त्या वीतच नसत. मेंढीचा गर्भकाळ साधारण १५० दिवसांचा, पण या मेंढ्यांचं पोट त्यानंतरही आठवडेच्या आठवडे वाढत राही. शेवटी आतलं कोकरू आईलाच घेऊन जाई. यामागचं कारण पुढे उलगडलं. मेंढीच्या बाळंतपणाची वेळ आई ठरवत नाही, पोटातलं कोकरू ठरवतं. त्याच्या मेंदूतली पीयूषिका ग्रंथी इशारा देते आणि मग कळा सुरू होतात. न्यूझीलंडचे संशोधक लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं. एकडोळ्या कोकराच्या मेंदूत ती ग्रंथी नीट घडलेलीच नसे. इशारा देणारंच कोणी नाही, मग कळा येणार कुठून?

एखाद्या मालकाच्या कळपात असं एखादंच कोकरू निघे. पण काही कळपांत, काही वर्षी, चार कोकरांतलं एक असं जन्मलं आहे. गोठ्यावर पोट असलेल्या माणसासाठी एवढा घाटा म्हणजे वर्ष बुडाल्यातच जमा.

हे मेंढके बहुतांशी बास्क होते. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरच्या डोंगरांतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघालेली तरुण पोरं. इंग्रजी येत नाही, जमीन नाही, हातात पैसा नाही. अशा माणसाला अमेरिकेच्या पश्चिमेत मिळणारं काम एकच होतं, दुसऱ्याच्या मेंढ्या घेऊन डोंगरात एकट्याने राहायचं. मोठा कळप, एक-दोन कुत्री आणि महिनोन्‌महिने माणसाचं तोंड दिसत नाही. त्यांनी ॲस्पेन झाडांच्या पांढऱ्या बुंध्यांवर सुरीने कोरलेली नावं, गावं, सालं आणि बायांची चित्रं आजही त्या जंगलांत सापडतात, आणि अभ्यासक त्यांची नोंद करत फिरतात. बॉईसी शहरात बास्क लोकांचा एक अख्खा भाग आहे, संग्रहालय आहे. आज त्या डोंगरांत मेंढ्यांमागे दिसतो तो बहुधा पेरूहून हंगामी परवान्यावर आलेला माणूस.

या मेंढक्यांचं वर्षाचं चक्र आपल्याला ओळखीचं वाटेल. आपले धनगर पाऊस सरला की वाडा घेऊन देशावरून कोकणाकडे उतरतात, तसे हे लोक ऋतूप्रमाणे चढतात आणि उतरतात. हिवाळा खालच्या कोरड्या मैदानात, वसंतात पायथ्याशी, आणि उन्हाळा लागून खालचं गवत वाळलं की हजारो फूट वर, बर्फ वितळून हिरव्यागार झालेल्या कुरणांत. ऑगस्ट-सप्टेंबरात वरच असताना कळपात मेंढे सोडायचे. शरदात खाली उतरायचं. जानेवारीत विण्याचा हंगाम. सगळं कोडं याच चक्रात दडलं होतं. वर डोंगरात जे घडलं, त्याचा परिणाम दिसेपर्यंत साडेचार महिने उलटलेले असत, जागा बदललेली असे, चारा बदललेला असे, कित्येकदा मेंढकाही बदललेला असे. जानेवारीत मेलेलं कोकरू हातात धरून ऑगस्टातल्या एका दुपारी मेंढीने काय खाल्लं, हा प्रश्न कोणाच्या मनात येणार?

म्हणून संशय गेला तो रक्तावर. नर वाईट असेल, जात बिघडली असेल. हा संशय मालकांना फार महागाचा होता, कारण रक्तातला दोष म्हणजे त्या कळपातल्या मेंढ्याला आणि कोकरांना बाजारात किंमत उरली नाही.

१९५०च्या दशकात हे प्रकरण अमेरिकेच्या शेती खात्याकडे आलं. यूटा राज्यातल्या लोगन गावी विषारी वनस्पतींवर काम करणारी खात्याची प्रयोगशाळा आहे. जनावरं चरताना काय खातात आणि कशाने मरतात, हाच तिचा विषय. विज्ञानाच्या इतिहासात अशा जागांना कोणी फारसं विचारत नाही. तिथले वेन बिन्स आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. आधी रक्ताचा संशय तपासला. ज्यांना विकृत कोकरं झाली होती त्याच मेंढ्या, त्याच वंशातले नर, त्यांचं पुन्हा मीलन घडवलं. कोकरं धडधाकट जन्मली. म्हणजे दोष रक्तात नव्हता. क्षारांची कमतरता तपासली, तिथेही काही हाती लागलं नाही. १९५९ साली त्यांनी या विकृतीचं वर्णन छापलं, तेव्हा कारण अजून सापडलेलं नव्हतं.

मग जे झालं ते मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं. लिन जेम्स नावाच्या तरुण संशोधकाने तीन उन्हाळे मेंढ्यांबरोबर काढले. कळप चढेल तसं चढायचं, थांबेल तिथे थांबायचं, आणि मेंढी कशाला तोंड लावते ते बघत राहायचं. जे काम बास्क मेंढके पिढ्यानपिढ्या करत आले, तेच काम एका प्रश्नासाठी करायचं. अवर्षणाच्या वर्षी खालचं गवत लवकर संपतं, कळप लवकर वर जातो आणि जास्त वर जातो. तिथे, झऱ्यांच्या काठाने, पाणथळ कुरणांत, पुरुषभर उंचीची एक वनस्पती दाट उभी असते. एरवी मेंढ्या तिला सोडून गवत खातात. गवत कमी पडलं की तिलाही तोंड लावतात.

तिचं शास्त्रीय नाव व्हेराट्रम कॅलिफोर्निकम. तिकडचे लोक कॉर्न लिली म्हणतात, कारण कोवळेपणी ती मक्याच्या ताटासारखी दिसते. मका नाही आणि खरी लिलीही नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पर्वतरांगांतली ही मूळची रहिवासी. जमिनीखाली जाड मूळखोड असतं, ते वर्षानुवर्षं जगतं आणि आडवं पसरत जातं, म्हणून ही वनस्पती एकटी क्वचित दिसते, थवाच दिसतो. बर्फ वितळू लागलं की चिखलातून गुंडाळलेले जाड कोंब वर येतात. पानं मोठी, रुंद, लांबीभर चुण्या पडलेली, जणू घडी घालून ठेवलेल्या निऱ्या. उन्हाळ्यात शेंड्यावर पांढुरक्या, तळाशी हिरवट फुलांचा मोठा तुरा येतो, पण दर वर्षी नाही. काही वर्षी कुरणभर एकदम फुलते आणि मग कित्येक उन्हाळे नुसती पानांवर राहते. तिचा मध त्या प्रदेशात बाहेरून आणलेल्या मधमाशांना मारतो. तिथले मूळचे कीटक मात्र त्याच फुलांवर निर्धास्त फिरतात. थंडीचा पहिला कडाका पडला की पानं एका रात्रीत काळवंडून लोळतात आणि तिचा विखार बराच उतरतो.

तिच्या नात्यातल्या वनस्पतींचा विषारीपणा जुना आहे. युरोपातली व्हेराट्रम आल्बम डोंगरी औषधी मुळं खणणाऱ्यांना जेन्शियनच्या मुळाच्या भ्रमाने अजूनही फसवते. त्यातून ओकाऱ्या, नाडी मंदावणं, रक्तदाब घसरणं असे प्रकार होतात. पूर्व अमेरिकेतल्या भगिनीच्या अर्कावर १९४०-५०च्या दशकांत उच्च रक्तदाबाची औषधंही बनली. रक्तदाब उतरे, पण उलटी होणारी मात्रा आणि गुण येणारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं होतं, त्यामुळे चांगली औषधं आल्यावर ती मागे पडली. नेव्हाडातल्या आदिवासींच्या वनौषधींची एक पाहणी अमेरिकन सरकारने १९४१ साली छापली. तीत कॉर्न लिलीच्या कंदाचा लेप जखमांवर लावतात असं आहे, आणि मूल होऊ नये म्हणून त्याचा काढा घेतात अशीही नोंद आहे. गर्भाशी या कंदाचं काही वैर आहे, हे कोणाला तरी ठाऊक होतं. मेंढ्यांचं कोडं सुटायच्या वीसेक वर्षं आधी ते कागदावर उतरलंही होतं.

लोगनच्या मंडळींनी ही वनस्पती गोळा करून गाभण मेंढ्यांना खाऊ घातली. आधी सरसकट, मग मोजून, मग दिवस ठरवून. आणि इथे उत्तर अशा नेमकेपणाने समोर आलं की ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. एकडोळं कोकरू हवं असेल तर मेंढीने कॉर्न लिली खायला हवी गर्भधारणेच्या चौदाव्या दिवशी. त्याआधी आठवडाभर खाल्ली, काही नाही. नंतर खाल्ली, तर डोळे जागच्या जागी येतात, मात्र वेगळं नुकसान होतं. चौदाव्यानंतरच्या आठवड्यात खाल्ली तर गर्भ जिरून जाण्याचा धोका. महिन्याच्या सुमाराला, अठ्ठाविसाव्या ते तेहतिसाव्या दिवसांत खाल्ली तर पायांची हाडं आखूड, आणि श्वासनळी इतकी चपटी की कोकरू जन्मताच गुदमरतं. तेहतीस दिवस उलटले की धोका जवळजवळ टळला. वनस्पती तीच, मेंढी तीच, मात्राही तीच. फरक पडतो तो तारखेने. १९६३ साली कारण छापून आलं आणि १९६५ साली हे दिवसांचं कोष्टक.

मेंढीला स्वतःला काही होत नसे, हेही तितकंच महत्त्वाचं. चार पानं खाऊन ती चरत पुढे जाई. लाळ नाही, थरकाप नाही, खाणं तुटत नाही. सगळा मार पोटातल्या तांदळाएवढ्याही नसलेल्या जिवावर. त्याच सुमाराला, १९६१ साली, थॅलिडोमाइड हे झोपेचं आणि मळमळीचं औषध बाजारांतून मागे घेतलं जाऊ लागलं. गरोदर बायकांनी ते निर्धास्त घेतलं होतं, त्यांना त्रास झाला नव्हता, आणि हजारो मुलं खुंटलेल्या हातापायांनी जन्मली होती. तिथेही गर्भाचे ठरावीक दिवसच जोखमीचे होते. आईला जे मानवतं ते गर्भाला मानवेलच असं नाही, ही गोष्ट डॉक्टरांना त्या मुलांनी शिकवली आणि पशुवैद्यांना या कोकरांनी. दोन्ही धडे एकाच काळात गिरवले जात होते.

मेंढपाळांसाठी उपाय फुकटचा निघाला. औषध नको, वनस्पती उपटायला नको, कुंपण नको. मेंढे सोडल्यापासून ते काढून घेतल्यावर महिनाभर होईपर्यंत कळप कॉर्न लिलीच्या कुरणांपासून लांब ठेवायचा. त्यानंतर, विशेषतः थंडी पडून गेल्यावर, त्याच कुरणात खुशाल चारावा. एवढं केलं आणि माकडतोंडी कोकरं आयडाहोच्या गोठ्यांतून जवळजवळ नाहीशी झाली. शेती खात्याच्या दृष्टीने काम इथे संपलं होतं, आणि खातं थांबलं असतं तर कोणी दोष दिला नसता.

पण त्याच प्रयोगशाळेत रिचर्ड कीलर नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. वनस्पतीतलं नेमकं कोणतं द्रव्य हे करतं, याचा त्यांनी पिच्छा सोडला नाही. मूळखोडांतून एकेक अल्कलॉइड वेगळं काढायचं, गाभण मेंढीला चौदाव्या दिवशी द्यायचं आणि मग वाट बघायची. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तीन द्रव्यांवर बोट ठेवलं. त्यांतल्या मुख्य द्रव्याला एकडोळ्या राक्षसांच्या ग्रीक नावावरून सायक्लोपामिन म्हटलं. होमरच्या महाकाव्यातला एकडोळा पॉलिफेमस स्वतः मेंढपाळ होता, हा योगायोग मला फार आवडतो. सायक्लोपामिनची बांधणी कोलेस्टेरॉलच्या जातकुळीतली. आम्लात ते टिकत नाही, त्याचं रूपांतर दुसऱ्याच द्रव्यात होतं. मेंढीच्या पहिल्या पोटात आम्ल नसतं, म्हणून तिथे ते बराच काळ शाबूत राहतं. कीलर यांनी सशांनाही ते देऊन तशीच विकृती घडवून दाखवली. निबंध छापले गेले, विषारी चाऱ्याच्या पुस्तकांत गेले, आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिथेच राहिले. सायक्लोपामिन गर्भात नेमकं काय अडवतं हे सांगायला लागणारं ज्ञानच तेव्हा जगात नव्हतं.

ते आलं फळांवर घोंगावणाऱ्या माशीकडून. जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे क्रिस्तियाने न्युसलाइन-फोल्हार्ड आणि एरिक वीशाउस या दोघांनी फळमाशीच्या हजारो अळ्या तपासून शरीराचा आराखडा ठरवणारी जनुकं हुडकली. १९८० साली त्यांचा निबंध आला, १९९५ साली नोबेल मिळालं. त्यांतलं एक जनुक बिघडलं की अळीच्या अंगभर काटेरी केस येतात, म्हणून त्याचं नाव हेजहॉग, त्या काटेरी प्राण्यावरून. १९९३ साली पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतही त्याचे भाऊबंद सापडले. त्यांतल्या एकाला हार्वर्डच्या प्रयोगशाळेत व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव मिळालं, सोनिक हेजहॉग. गर्भात हा निरोप्या पेशींना सांगतो की तू मधली, तू कडेची. डोळ्यांची जागा सुरुवातीला मेंदूच्या पुढच्या टोकाला एकच सलग पट्टी असते. खालून सोनिक हेजहॉगचा निरोप आला की ती मध्ये दुभंगते आणि दोन डोळे होतात. निरोप आलाच नाही, तर डोळा एकच राहतो.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या फिलिप बीची यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते एकडोळे निघाले. त्याच वर्षी बीचींच्या गटाला कळलं की हे प्रथिन स्वतःला कोलेस्टेरॉल जोडून घेतं. एकीकडे एक डोळा, दुसरीकडे कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉलसारखंच दिसणारं, एकडोळी कोकरं जन्माला घालणारं एक द्रव्य तीस वर्षांपूर्वीच्या पशुवैद्यकाच्या निबंधांत पडून होतं. १९९८ साली बीचींच्या गटाने आणि सिॲटलमधल्या हेंक रोलिंक यांच्या गटाने स्वतंत्रपणे दाखवलं की सायक्लोपामिन हाच निरोप अडवतं. रोलिंक यांच्या निबंधावर शेती खात्याच्या एका रसायनशास्त्रज्ञाचं नाव आहे, हे वाचून मला बरं वाटलं. चार वर्षांनी नेमकी जागाही कळली. पेशीच्या पृष्ठभागावरचं स्मूदन्ड नावाचं प्रथिन. सायक्लोपामिन त्याला जाऊन चिकटतं आणि निरोप आत पोचत नाही.

गर्भात हा निरोप बंद पडणं घातक, तर वाढ झालेल्या माणसाच्या कातडीत तो नको तेव्हा चालू राहणं घातक. बेसल सेल कार्सिनोमा हा गोऱ्या कातडीच्या लोकांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने भारतात तो त्या मानाने कमी. या कर्करोगाच्या गाठींमध्ये बहुतेकदा हेजहॉगच्या निरोपाचा मार्ग उघडाच अडकून पडलेला असतो. गॉर्लिन सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजारात जन्मतःच ब्रेक नादुरुस्त असतो. स्मूदन्डला धरून ठेवणारं पॅच्ड हे जनुक बिघडलेलं असतं, हे १९९६ साली कळलं. अशा माणसांना आयुष्यभर शेकडो गाठी येऊ शकतात, चेहऱ्यावर, पाठीवर, पापणीच्या कडेला. दर काही महिन्यांनी शस्त्रक्रिया, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेचा व्रण.

२००० साली बीचींच्या गटाने दाखवलं की असा बिघडलेला मार्ग सायक्लोपामिनने बंद करता येतो. मग औषधकंपन्या धावल्या. सायक्लोपामिन स्वतः औषध म्हणून सोयीचं नव्हतं. पाण्यात धड विरघळत नाही, आम्लात टिकत नाही. त्यामुळे स्मूदन्डलाच धरणारे दुसरे रेणू शोधले गेले. ३० जानेवारी २०१२ रोजी व्हिस्मोडेगिब या पहिल्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याचा रेणू पूर्णपणे कृत्रिम आहे, कॉर्न लिलीतून काढलेला नाही. पण कुठे घाव घालायचा हे तिनेच दाखवलं होतं. २०१५ साली सोनिडेगिब आलं, २०१८ साली रक्ताच्या एका कर्करोगासाठी ग्लासडेगिब.

सगळीकडे यश आलं असं मात्र नाही. इन्फिनिटी कंपनीने खुद्द सायक्लोपामिनपासून बनवलेलं एक औषध स्वादुपिंडाच्या कर्करोगावर वापरून पाहिलं. उंदरांत आशा वाटली होती. माणसांत औषध घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा लवकर दगावू लागले, आणि जानेवारी २०१२ मध्येच ती चाचणी थांबवावी लागली. एका महिन्यात एकाच मार्गावरच्या दोन औषधांचं भवितव्य असं दोन दिशांना गेलं.

व्हिस्मोडेगिबच्या माहितीपत्रकात काळ्या चौकटीत इशारा असतो. गर्भाला घातक, औषध सुरू करण्याआधी गर्भ नसल्याची खात्री करा. पुरुषांनाही निरोध वापरण्याची सूचना आहे, औषध चालू असताना रक्तदान करायला मनाई आहे. हा इशारा इतक्या ठामपणे लिहिता आला त्यामागे लोगनच्या गोठ्यात जन्मलेली कोकरं आहेत.

मोठ्या माणसांनाही हे औषध सहज झेपत नाही. हेजहॉगचा मार्ग प्रौढ शरीरातही काही ठिकाणी लागतोच, केसांच्या मुळांशी, जिभेच्या रुचिकलिकांत. म्हणून केस गळतात, चव जाते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. गॉर्लिनच्या रुग्णांवरची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांत शस्त्रक्रिया लागेल अशा नव्या गाठी माणशी वर्षाला सरासरी २, आणि औषधाविना २९. आकडा वाचून डोळे विस्फारतात. तरीही औषध घेणाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांनी ते त्रासापायी सोडून दिलं. अन्नाला चवच नाही, डोक्यावर केस नाहीत, पाय रात्रभर आखडतात, असं वर्षानुवर्षं कसं काढायचं? आणि औषध सोडलं की गाठी परत येतात.

म्हणून डॉक्टरांनी प्रश्न बदलला. किती द्यायचं याऐवजी केव्हा द्यायचं आणि केव्हा थांबायचं, हे तपासायला घेतलं. अनेक गाठी असलेल्या रुग्णांना १२ आठवडे औषध, मग ८ आठवडे सुट्टी, पुन्हा १२ आठवडे औषध, अशा पाळ्या लावल्या. दुसऱ्या गटाला आधी सलग २४ आठवडे, मग ८-८ आठवड्यांच्या पाळ्या. २०१७ साली निकाल आला. पहिल्या गटात गाठी सरासरी ६३ टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या, दुसऱ्यात ५४ टक्के. आज बरेच त्वचारोगतज्ज्ञ गॉर्लिनच्या रुग्णाशी बसून असंच वेळापत्रक आखतात. मुलीचं लग्न, सणावाराचे दिवस, एखादा प्रवास बघून सुट्टीचे आठवडे ठरवले जातात, म्हणजे निदान तेवढे दिवस तरी जेवणाची चव लागावी.